मधला वेळ

धंतोलीतल्या या खोलीत एसी बावीसवर असतो,
यंत्रांना ऊन सोसत नाही म्हणून.
बाहेर मे महिना. पंचेचाळीस पूर्णांक काहीतरी.
डोमाजी हेडाऊ, वय एकाहत्तर, राहणार गोळीबार चौक,
कानावरचा दुपट्टा सोडतात,
खिशातला कांदा काढून टेबलावर ठेवतात
आणि विचारतात, "पुन्हा चिरा त नाही मारत ना वो बाई?"

नाही. आज सुईसुद्धा नाही.
खांद्याखाली, जिथे कातडीतून डबीचा कोपरा दिसतो,
तिथे हे चपटं यंत्र टेकवायचं
आणि मधल्या बोटाला हा चिमटा.
लाल उजेड बोटातून जाईल,
रक्त आलं की जरा अडेल, ओसरलं की मोकळा.
तेवढ्यावर रेघ चढते, उतरते.

चढत नाही.
पडद्यावर नुसती खरबरीत सपाट वाट.
बोट माठासारखं गार.
"हृदयाचं नाही हो हे, एसीचं आहे," मी सांगते.
पण सुगंधाबाईंनी रेघ आधीच पाहिलेली.

मग मी खिडकी उघडते.
नियमात बसत नाही.
डोमाजी हात चौकटीवर पालथा ठेवतात,
पांजण केलेलं सूत वाळत घालावं तसा.
साडेचार मिनिटं.
नागपूरचं ऊन कुणाच्या कामी आलेलं
मी पहिल्यांदाच बघते.

आता रेघ उठते. ठेंगणी, पण उठते.
काम एवढंच: वरचा कप्पा आकसला
की खालच्या दोघांनी किती थांबायचं.
शंभर मिलिसेकंद. एकशेवीस. एकशेचाळीस.
प्रत्येक आकड्याला दहा ठोके,
मग जुन्यावर परत, मग पुढचा.
मी समजावून सांगायला जाते, तर तेच सांगतात:
"पावडी दाबली, ताण्याचं तोंड उघडलं,
तवा धोटा फेकाचा.
आधी फेकला त सूत तुटते.
उशीर केला त तोंड मिटते, धोटा मधातच अडकते.
हे कोणी शिकवत नाही, पायाले समजते."
मी म्हणते, "तसं इथे बोटाला समजतं."
"बोटाले काय समजते!
बोटानं नुस्ती गाठ माराची."

एकशेवीसला ते म्हणाले, हे बराबर, छाती हलकी झाली.
रेघ म्हणाली, नाही.
एकशेसाठला रेघ सगळ्यांत उंच,
आणि नेमका तेव्हाच त्यांना खोकला.
खोकल्यातली उंची धरत नाहीत.
पुन्हा केलं. एकशेसाठ, एकशेचाळीस, एकशेसाठ.
फरक केसाएवढा.
माझ्या खात्रीत तेवढी फट नेहमी उरते,
फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नाही.
एकशेपन्नास ठेवलं.

"म्हंजे सेकंदाचा शंभरावा तुकडा इकडं का तिकडं,"
सुगंधाबाई हिशेब करतात,
"एवढ्याशानं काय होते?"
कदाचित एक जिना.
कदाचित काहीच नाही.
मी विचारते, "झोपताना उशा किती लागतात यांना?"
"तीन."
"महिन्यानं याल तेव्हा मला उशा सांगा."

ते उठले. कांदा खिशात, दुपट्टा कानावर.
दोन पावलं गेले आणि वायर ताणली.
"बाई, हे तुमचं राह्यलं माह्यापाशी."
चिमटा माझ्या तळहातावर ठेवला,
अजून उन्हाचा कोमट.

पडद्यावर रेघ आडवी झाली.
मला ठाऊक असतं, दर वेळी ठाऊक असतं,
तरी मी आधी दाराकडे बघते:
दुपट्ट्याची गाठ,
लिफ्टचं बटण दाबून
थांबलेली.