सुतावरून

आधी वास घेतो मी. हात नंतर.
जुन्या कातड्याला गोड वास येत नाही.
आला, तर समजावं
कुणीतरी गेल्याच वर्षी चहाच्या पाण्यात बुडवून
गच्चीवर वाळवलंय,
आणि वरून बुटाचं पॉलिश.

माझा बाप ओफेनबाखला खोगिरं शिवायचा.
टाका कोणत्या कारागिराचा, हे डोळे मिटून
बोटानं सांगायचा.
मला त्याची बोटं मिळाली, धंदा नाही,
म्हणून मी मेलेल्या वैमानिकांच्या टोप्या तपासतो.

हुझुमला गेझीने हार्कझेन बाईंनी
टेबलावर मेणकापड पसरलं.
वय एक्क्याऐंशी. हात स्थिर.
वर ठेवली मोम्मेची, थोरल्या भावाची टोपी:
तपकिरी कातडं, आत मेंढीची लोकर,
कानांवर दोन वाट्या, हुकूम ऐकायला,
गळ्याशी दोन मायक्रोफोन,
शब्द ओठांवर यायच्या आत
कंठातूनच उचलून नेणारे.
शेजारी पाण्यात तरंगवणारं जाकीट,
सावरीच्या कापसानं ठासलेलं. एक शिवण उसवलेली,
तिथून कापूस बाहेर डोकावत होता.

गिऱ्हाईक ग्रोनिंगेनहून आलेलं, फान हुल्झेन,
पांढरे हातमोजे घालून.
"शिक्का बघा," तो म्हणाला.
गरुडाच्या पायांखाली बाईंनी
कागदी चिकटपट्टी लावली होती.
"कायदा आहे ना," त्या म्हणाल्या.
पट्टी उचलली. शाई खरी. मापाचा आकडा खरा.
बटणांवरचा गंजसुद्धा खरा, घाई न केलेला.

मग पडदे ओढले आणि जांभळा दिवा लावला.
युद्धातलं सूत या उजेडात गप्प बसतं.
पुढे गिरण्यांनी सुताला
पांढरेपणाचं औषध पाजलं. ते सूत
निळं पेटतं. त्याला लपता येत नाही.

टोपी काळोखात. वाट्या काळोखात.
हनुवटीचा पट्टा
पेटला.

अकरा टाके.
फान हुल्झेननं एकेक बोट सोडवत
हातमोजे काढले.

"ते माझे," बाई म्हणाल्या.
"त्रेसष्टची थंडी. समुद्र गोठला होता.
मी मोपेडवरून कोळंबीच्या कारखान्यात जायचे, पहाटे पाचला.
कान गळून पडतील असं वाटायचं.
पट्टा तुटला, तर नवीन रीळ आणलं.
साठ फेनिग."

लोक सुतावरून स्वर्ग गाठतात.
मला सुतावरून
कोळंबीच्या कारखान्यापर्यंत जाता आलं.

"आणि त्याची उड्डाणवही?" मी विचारलं.
सवयीनं. वही असली की भाव वाढतो.

"आईनं जाळली. पंचेचाळीसच्या मे महिन्यात, चुलीत.
टोपी ठेवली. टोपी ऊब देते.
वही काय देते?"

मग, कुणी विचारलं नसताना:
"तो टपाल न्यायचा. टपाल आणि जखमी.
बॉम्ब नाही. कधीच नाही."

दिवा अजून चालू होता.
मेणकापडावरचं एक जुनं डाग-पुसणं
निळसर चमकत होतं. बाईंचे दात. माझ्या शर्टाची कॉलर.
ते वाक्य मात्र
ना पेटलं, ना विझलं.
मी दिवा बंद केला.
दिव्याखाली अंधार असतो, हे मला
धंद्याच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

दाखल्यावर लिहिलं: अस्सल.
हनुवटीचा पट्टा नंतर शिवलेला, अकरा टाके, चांगल्या हाताचे.
"वापरणारा" या रकान्यात एकच ओळ होती.
तिच्यात मी दोन नावं बसवली,
अक्षर बारीक करून.

फान हुल्झेननं निम्मा भाव सांगितला.
बाईंनी त्याला कॉफी विचारली, एवढंच.

मग त्या शिक्क्यावर पट्टी परत चिकटवू लागल्या.
अंगठ्याच्या नखानं दाबली,
एकदा, परत एकदा,
जसं आपण पाकीट बंद करतो
टपालात टाकण्याआधी.