दोनशेपैकी एकशे सतरा

नोव्हेंबरात गॅरेजमधली शाई वाळत नाही,
समुद्र दाराखालून आत येतो, दमट.
म्हणून बायकोचा केसांचा ड्रायर घेऊन
मी एकेका छातीवरून फिरवत होतो
पन्नास वर्षांपूर्वीचा संप.

काळा शर्ट, पांढरी शाई,
आत मानेपाशी क्रमांक, मार्करने, हाताने.
फक्त दोनशे. नगरपालिकेचं म्हणणं,
कमी असलं की लोक जपतात.
संपावर बायका तीनशे चाळीस होत्या
हे मला नंतर कळलं.
बजेट दोनशेचंच होतं.

फोटो मिळाला ग्रंथालयातल्या एका खोक्यात:
तारल्यांच्या कारखान्याचं फाटक,
एप्रन बांधलेली पोरगेली बाई, तोंड उघडं,
ओरडतेय की जांभई देतेय, सांगता येईना.
मी ओरडतेय असं धरून चाललो.
मोठा केला, ठिपक्याठिपक्यांत फोडला,
कोपऱ्यातली पोलिसाची टोपी काढली,
तारांचा खांब काढला.
डाव्या खांद्यावर चार पांढुरके ओरखडे होते,
बुरशी असेल म्हटलं. पुसले.
खाली ठळक अक्षरांत: आम्ही हटलो नाही.

दोना झुल्मीरा आली आदल्या संध्याकाळी,
पिशवीत कोबी, अंगात मुलाचा रेनकोट.
किंमत विचारली. पंधरा युरो.
"एवढ्या पैशांत महिनाभर डोकी उडवायचो आम्ही,"
आणि मी दचकलो तशी, "माशांची."

मग शर्ट हातभर लांब धरला.
पुन्हा जवळ आणला.
आता रडणार, या हिशेबाने
मी खुर्ची पुढे सरकवली.
ती उभीच.
"हात कुठाय?"

कुणाचा?

"इर्मेलिंदाचा. माझ्या मागे होती ना ती.
मी पळू नये म्हणून खांदा धरला होता तिने,
नखं रुतली होती रे.
आणि मी ओरडत होते ती तिच्यावरच,
सोड म्हणत होते.
तिने सोडलं असतं
तर तुला माझी पाठ छापावी लागली असती."

ड्रायर माझ्या हातात चालूच होता,
रिकाम्या टेबलाला ऊब देत.

मी बरंच काही बोललो.
नवी स्क्रीन काढतो म्हटलं, फक्त तुमच्यासाठी,
दोनशेएकावा, कुणाला सांगायचं नाही.
नाहीतर आत्ता, इथे, माझीच चार बोटं
शाईत बुडवून उमटवतो.
तिने माझा हात उचलला, नाकाशी नेला.
"टर्पेंटाइन," म्हणाली.
"तिच्या हाताला तारल्यांचा वास यायचा.
लग्नात सुद्धा. लिंबं चोळून चोळून सुद्धा."

मिडियम संपला होता. एक्स्ट्रा लार्ज घेतला तिने,
एकशे सतरा.
दारात थांबून विचारलं,
"किती धुण्यांत जाते शाई?"
चाळीसेक.
"पुष्कळ झाल्या."

दुसऱ्या दिवशी अग्निशमन दलाचा बँड,
महापौरांचं भाषण, जुन्या फाटकापुढे
काळ्या शर्टांच्या रांगा,
छातीछातीवर तेच उघडं तोंड
कुणाला तरी सोड म्हणणारं.
आता मला तेवढंच ऐकू येत होतं,
बँडच्या वर.

ती उशिरा आली.
स्वेटरवरून चढवलेला शर्ट गुडघ्यांपर्यंत,
आणि डाव्या खांद्यावर पिठाची चार बोटं.
मासळी तळायच्या आधी घोळवतात ते पीठ.
बोटं उलटी होती, पुढून मागे गेलेली,
आपला खांदा आपणच धरला
की उमटतात तशी.

वारा होता.
महापौर बोलायचे थांबेपर्यंत
त्यांतली दोनच राहिली.