नकल्या

तंगमणी चेची दोन बोटं आधी पाण्यात बुडवायची,
मगच माशाला हात.
कोरडं बोट म्हणजे त्याला चटका, मोने.

पंपा नदीच्या काठची शेड, वर पत्रा,
खाली चौदा पांढरी घमेली,
नेडुंबाश्शेरीहून विमान पहाटे सव्वाचारला.
मासा केवढा? माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा,
आणि तरी शेजाऱ्याचं शेपूट कुरतडणारा.

तिनं शिकवलं ते असं, मध्येच, पिशव्या भरता भरता:
पंपेतला आट्टुंडा, त्याच्या पाठीवरचे ठिपके ढोबळ,
ओल्या भिंतीवर कुणी कोळशाचा अंगठा टेकवावा तसे.
दुसरा येतो उत्तरेच्या नद्यांमधून, रात्रीच्या बसने, डब्यात.
त्याचे बारीक, तडतडून उडालेल्या मोहरीसारखे,
पोटाकडे येईतो विरून गेलेले.
आणि रंग? मी विचारलं.
रंगावर जाऊ नकोस. घाबरले की दोघंही राख.

नराच्या डोळ्यामागे सुरकुत्या बघ, पोटावर काळी रेघ.
पण एकाची मादी दुसऱ्याच्या नरासारखी दिसते कधी कधी.
मग?
मग काय, आमच्या गल्लीतही आहे असं एक घर,
म्हणाली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

शेवटचा उपाय बोट.
पंपेतल्याची कातडी मांजराच्या जिभेसारखी खरखरीत,
दुसऱ्याची सोललेल्या वालासारखी.

औसेप मालकानं एकदा यादी वाचून दाखवली:
पुस्तकवाल्यांनी त्या दुसऱ्याचं नाव ठेवलंय नकल्या.
चेची घमेल्यावरून उठली.
कुणी कुणाची नक्कल केली?
तुम्हाला हा आधी दिसला आणि तो नंतर, एवढंच ना?
धाकट्या जावेनं आमटी केली की म्हणतात,
थोरलीचं बघून शिकली.
ती स्वतः धाकटी जाऊ. सव्वीस वर्षं.

कर्किडकम महिन्यात हॅम्बुर्गहून तक्रार आली.
पन्नासांच्या पिशवीत सात भलतेच.
सोबत फोटो. तिनं तो हातभर लांब धरला,
मग आणखी लांब, मग दाराच्या उजेडात नेला.
तेव्हा शेडला कळलं
की तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय,
की दोन वर्षं ती फक्त बोटांनी निवडते आहे.
डोळ्यांत तेल घालून काम करा म्हणून सांगत होतो ना,
मालक म्हणाला.
ती पदराआड औषधाचे थेंब घालत होती.

पिशवी क्रमांक तेवीस.
तेवीसवर अक्षर माझं होतं.
दोन सरळ आणि तीन जरा कलंडलेला,
फोटोत स्पष्ट दिसत होता, ज्याला दिसत होतं त्याला.
मी घमेली धूत राहिलो.
पाणी ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं.

ओणमनंतर ती आली नाही.
तिच्या जागी आता मी. सगळे म्हणतात, बिनेशचा हात अगदी चेचीचा.

त्याच आठवड्यातला एक मासा माझ्याकडे उरलाय,
खिडकीत, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.
तेव्हा पिल्लू होता, ठरवता आला नाही,
म्हणून कुठल्याच पिशवीत गेला नाही.
ठिपके आहेत, ढोबळ म्हणावे तर कडा विरलेल्या.
डोळ्यामागे सुरकुती, की काचेतला चरा?
रात्री बोटं बुडवून त्याच्या पाठीवरून फिरवतो.
एकदा मांजराची जीभ लागली. एकदा वाल.
जास्त चाचपलं की फुगतो,
आणि फुगल्यावर सगळेच काटेरी.

चेचीकडे न्यावा म्हणतो. बसनं चाळीस मिनिटं.
बरणी मांडीवर ठेवून जाता येईल.
ती बोटं बुडवील, सांगेल एका क्षणात,
आणि मग विचारील, हा तुझ्याकडे कसा उरला रे?

आज पाण्यात एक गोगलगाय सोडली.
तो वर आला, थांबला,
एक डोळा गोगलगाईवर, दुसरा वळवून माझ्यावर.
बराच वेळ तसाच.
मग शंख फुटल्याचा बारीक आवाज.