बी-सहाशे तीन बघायला आलेल्यांना

चपला राहू द्या, फरशी पुसायचीच आहे.
हा हॉल, हे किचन. पूर्वेचं ऊन येतं,
निदान समोरचा टॉवर पाचव्या स्लॅबवर आहे तोवर.

ओल विचारलीत, पार्किंग, मेंटेनन्स,
बोअरचं पाणी उन्हाळ्यात टिकतं का
(नाही टिकत),
आणि मग वहिनी, तुम्ही आवाज खाली आणून,
"तसे लोक कसे आहेत इथले?"

'तसे'वर जरा अडखळलात. ऐकलं मी.
अठरा वर्षांपूर्वी मीही अडखळले होते,
ह्याच सिंकपाशी.
बिल्डरचा माणूस म्हणाला, "एकदम कॉस्मो, मॅडम."
मला वाटलं, टाइल्सची कंपनी असेल.

लोक?
पहाटे खालच्या मजल्यावर तस्नीमबेनच्या मोबाइलवर अजान होते.
त्या उठतात की नाही माहीत नाही,
मी उठते. दूध तापवते.
अकराला अन्नम्मा मासे तळायला घेते:
खिडकी लावलीत तर उकाडा,
उघडी ठेवलीत तर भूक.
मोंडलवहिनींचा शंख संध्याकाळी सातला,
नेमकी पाळणाघरातली दोन बाळं झोपलेली असतात तेव्हा.
पाचव्या मजल्यावरची बेमबेम रात्रपाळीची नर्स,
तिच्या दारावर मराठीत कागद आहे, "बेल वाजऊ नका".
मी एकदा पेनाने दुरुस्त केलं.
दुसऱ्या दिवशी नवा कागद. तीच चूक.
आता मला तीच बरोबर वाटते.

टँकर बाळूचा.
ही जमीन त्याच्या आजोबांनी विकली,
तो तिलाच पाणी विकतो, आणि हसतो.
टँकर चुकला की गेटवर पाच भाषांत भांडण.
शिव्या मात्र मराठीत,
तेवढी आपली भाषा सगळ्यांना येते.

नाही, सगळं गोड नाही सांगत.
घर विकतेय, पण फसवून नाही.

शेजारी, सहाशे चारमध्ये, इद्रिस राहायचा.
सुदानचा. फार्मसी शिकायला आलेला.
तो लिफ्टमध्ये शिरला की
काही जणांना अचानक व्यायाम आठवायचा.
मग गच्चीवर सभा, प्लास्टिकच्या खुर्च्या,
परदेशी भाडेकरू नकोत, असा ठराव.
वहिनी, तस्नीमबेनने हात वर केला.
जिला कॅम्पापासून वानवडीपर्यंत
तीन घरमालकांनी नाव ऐकून फोन ठेवला होता, तिने.
"विरोधात कोणी?" सेक्रेटरींनी विचारलं.
माझा हात मांडीवर होता.
सामोसा होता त्यात.
मिनिट्समध्ये लिहिलंय 'एकमताने'.
त्या एका मतात मी आहे.

जाताना त्याने डबा परत केला,
संक्रांतीला गुळाच्या पोळ्या दिल्या होत्या तो.
आत खजूर.
डबा रिकामा परत देऊ नये
हे त्याला इथे कोणी शिकवलं,
की त्यांच्याकडेही तसंच असतं?
विचारायचं राहिलं.
बिया मी कुंडीत लावल्या होत्या.
उगवलं काही नाही. पुण्यात कुठे उगवायला.

ठराव अजून फाइलमध्ये आहे.
रद्द करायचा तर सभासद लागतो,
आणि मी तर सही करून मुलाकडे नाशिकला चालले.
सभा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी.
सामोसे चांगले असतात. हात मोकळा ठेवा.

बाकी बाथरूमचा नळ डावीकडे बंद होतो,
पावसाळ्यात पश्चिमेची भिंत घाम सोडते,
किमतीत दीड लाखापर्यंत बघू.
आणि तुमचं आडनाव काय म्हणाला…

नको. राहू दे.
करारनाम्यात येईलच ते.
चहा टाकते. साखर किती?