दोन चौकटी

फॉर्मवर दोनच चौकटी आहेत: शेत, किंवा वन.
एकीवरच खूण करावी, असं खाली बारीक अक्षरात.
मी फाइल पोटाशी धरून उभी,
आणि एनिड प्रॉसर, वय एक्काहत्तर, अकरा एकरांची धनीण,
वाळुंजाच्या बुंध्याला टेकून कोयत्याला धार लावते आहे.

क्लन नदीच्या वरच्या अंगाला हे रान.
उतारावर आडव्या ओळी: वाळुंज, आल्डर, डॅमसन, पुन्हा वाळुंज.
दोन ओळींच्या मधे ओट,
पलीकडच्या पट्ट्यात सदतीस मेंढ्या.
ओळी वाकड्या का, मी विचारलं.
"पाणी सरळ सोडलं तर माती घेऊन पळतं," ती म्हणाली,
"त्याला वाटेत चार जणांनी थांबवून
चहाला बसवावं लागतं."

त्या फेब्रुवारीत टजचं अर्धं शेत
खालच्या पुलाला जाऊन चिकटलं.
हिच्याकडचं फक्त एक फाटक गेलं,
तेही आधीपासूनच खिळखिळं.

टज शेजारी. त्याची तक्रार सावलीची:
हिची झाडं त्याच्या कुंपणावर पडतात, गवत खुरटतं.
मला हसू आलं. आमच्याकडे
बांधावरच्या एका बोरीपायी
दोन घरं तीस वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत.
"आणि दुपारी बघ," एनिड कोयत्यानं दाखवते.
टजच्या साऱ्या मेंढ्या कुंपणाला खेटून,
त्याच वादग्रस्त सावलीत,
जिभा बाहेर.

पहिली सात वर्षं नुसता खर्च, ती लपवत नाही.
दोनशे रोपं हरणांनी खाल्ली.
बँकेतल्या पोरानं विचारलं, झाडं गहाण ठेवता येतात का,
हिनं विचारलं, तुला चढता येतं का.
डॅमसनचे चाळीस क्रेट लडलोचा मुरंबेवाला नेतो.
त्यात विजेचं बिल निघतं.
छप्पर निघत नाही.

मग तो कोरडा उन्हाळा.
गवताचा कागद झाला,
दरीभर लोक परगावचा चारा सोन्याच्या भावानं घेत होते.
ही शिडी लावून वर.
आत्ताही चढते, गुडघ्याला शिव्या देत,
एक फांदी खाली टाकते,
मेंढ्या धावतात, पाला ओरबाडतात, साल सोलतात,
आणि माझ्या तोंडून निघून जातं:
टहाळ.

एकोणीस वर्षांत हा शब्द मला लागलाच नव्हता.
कुठे होता इतके दिवस,
कुठल्या चपलांच्या खोक्यात, कुठल्या कोटाच्या अस्तरात?
"काय म्हणालीस?" वरून.
झाडाचं जेवण, मी म्हणते, जनावराच्या ताटात वाढलेलं.
"आमच्यातही होता एक शब्द.
आजोबांच्या तोंडी असायचा. माझ्याकडून हरवला.
तुझा दे."
ती जीभ वळवून बघते: टॅल. टाहॉल.
मेंढ्या तिच्या उच्चारासाठी थांबत नाहीत.

खालच्या कोपऱ्यात गुडघाभर उंचीचं अक्रोड.
याला फळ कधी?
"मी नसेन तेव्हा."
मुलगा तर कार्डिफला, येत नाही म्हणालात.
"टजच्या नातीसाठी आहे. ती चांगली चढते."
आणि मग, जरा वेळानं,
"टजला सांगू नकोस."

निघताना तिनं ओंजळभर डॅमसन फॉर्मवरच ओतले.
मी दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर खूण केली.

सोमवारी फॉर्म परत आला: अस्पष्ट.
जांभळा डाग नेमका तिथेच, दोन्ही शब्दांवर पसरलेला.
मी नवा फॉर्म काढला, पेनाचं टोपण काढलं,
आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.
ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकच झाड,
आणि ऑगस्टच्या त्या सकाळी, साडेआठलाच,
त्याच्या बुडाशी दाटीवाटीनं लागलेल्या
सात गाड्या.
साहेबांची सर्वांत आत.