खिजगणती

औलूत डिसेंबरात दुपारी दोनलाच अंधारतं.
केर्तूच्या टेबलावर तळहाताएवढा बोर्ड,
समुद्रावरच्या बर्फाची जाडी मोजणारा.
सुरू होतो, चाळीसेक ओळी बोलतो
आणि तिसऱ्या सेकंदाला गप्प.
चूक सांगत नाही, कुरकुरत नाही.
वाक्याच्या मधोमध
कुणी खोलीतून उठून जावं, तसा.

मुळाशी एक स्फटिक, तांदळाच्या कणीएवढा.
तो थरथरतो. त्या थरथरीचे भाग पाडून
ठोके वाटले जातात घरोघर,
सीरियल पोर्टला इतके, सेन्सरला इतके.
ज्याला हवे त्याने मागून घ्यायचे,
काम सरलं की सांगायचं, झालं माझं.
वाटणारा अजून जागा झाला नसेल
तर ड्रायव्हर मुकाट रांगेत मागे जाऊन उभा राहतो.
अशी माणसं केर्तूने फार पाहिलेली नाहीत.

आणि सगळे स्थिरस्थावर झाले की
कर्नल घरभर एक फेरी मारतो.
ज्या ठोक्यांवर कुणाचंच नाव नाही
ते विझवत जातो.
यात त्याचं काही चुकत नाही.

मंगळवारी तिने बूटच्या ओळीत एक शब्द घातला:
न मागितलेलंही राहू दे.
बोर्ड रात्रीपर्यंत बोलत राहिला.
ओस्मो म्हणाला, मग झालं की, पाठवून दे.
बॅटरी एप्रिलपर्यंत पुरायची आहे, ती म्हणाली,
बर्फावर बदलायला कोण जाणार, तू?
शब्द खोडला.
तिसऱ्या सेकंदाला पुन्हा तेच.

बुधवारी सकाळी कॉफीचं भांडं गार.
सोमवारपासून गारच होतं.
मशीन बिघडलंय, सगळे म्हणत होते,
कुणीतरी तशी चिठ्ठीही डकवली होती.
तिने झाकण उघडलं.
मशीन धडधाकट. पाणीच कुणी घातलं नव्हतं.
शुक्रवारी तौनो निवृत्त झाला,
केक कापला, हात हलवला, गेला.
तो सहाला येत असे,
हे तिला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

रिकामा चमचा हातात घेऊन ती उभी राहिली
आणि तशीच टेबलाकडे धावली.

सोमवारीच त्यांनी झाडलोट केली होती.
तौनोची एक जुनी फाईल, नुसता हिरवा दिवा लुकलुकवणारी,
कुणाच्या कामाची नाही म्हणून पुसली होती.
त्या दिव्याने मागून घेतलेले ठोके
आणि सेन्सरचे ठोके, एकाच नळाचे.
सेन्सरने कधी मागितलेच नव्हते.
येईल तेव्हा नळ चालूच दिसायचा.
मोजणीत एक होता. तो गेला.
उरलं शून्य.

तीन ओळी लिहिल्या: माग. मिळाले का बघ. धरून ठेव.
चौथी, जाताना सोडण्याची, ओस्मोने आठवण करून दिली.
तिसरा सेकंद गेला. चौथा गेला.
बर्फ, बोर्ड म्हणाला, शून्य सेंटिमीटर.
टेबलावर बर्फ नव्हताच.

दुपारी तिने तौनोला फोन लावला.
त्याच्यामागे कुणीतरी लाकडं फोडत होतं,
ठोका, ठोका, थांबून ठोका.
तुझा तो हिरवा दिवा, ती सांगू लागली.
त्याने ऐकून घेतलं, बहुतेक.
मग म्हणाला, आठ चमचे.
ओस्मो नऊ म्हणेल. ऐकू नकोस.