बिटाचा रंग

परास्किवानं बरणी काउंटरवर ठेवली.
सूर्यफुलाचं तेल, तळाशी किसलेलं बीट,
तीन आठवडे खिडकीतल्या उन्हात,
आणि तेल ढिम्म पिवळं.
"बाबांचं मलम गुलाबी असायचं," ती म्हणाली,
"बीट किसताना पाहिलंय मी त्यांना."

सिबियूत चाळीस वर्षं औषधं घोटतोय.
शिकाऊ पोरांना सांगायचो तेच तिला सांगितलं:
पाण्याच्या रेणूला दोन टोकं, एक किंचित ऋण, एक किंचित धन,
त्यामुळे त्याला सतत कुणाचा तरी हात हातात लागतो.
मीठ, साखर, बिटाचा रंग, सगळी त्याच घराण्यातली.
तेलाच्या लांब साखळीला ही ओढच नाही.
वैर म्हणशील तर तेही नाही;
पाणी पाण्यालाच असं बिलगतं
की तेलाला मध्ये शिरायला फट उरत नाही.

"वैर नसतं तर मिसळलं असतं," ती म्हणाली.
विधवा बाई. मी पुढे बोललो नाही.

रतनजोतीची मुळी दिली.
पाण्यात मुकी, तेलात रात्रीतून लालभडक.
तिनं मनगटाला लावून पाहिलं.
"छान आहे. पण हा नव्हे."
मग एरंडेल. त्याच्या साखळीला मधेच एक हायड्रॉक्सिल लोंबतं,
पाण्याकडचं लांबचं नातं.
बिटानं तेवढ्यावर ओळख दाखवली नाही.

मार्चमध्ये ती आली ती बापाचा कोट घेऊन,
पलीकडच्या जुन्या बाजारात विकायला काढलेला.
काउंटरवर टाकला आणि दुकानभर मेंढ्या झाल्या.
बाह्या तुपकट, कडक.

मी स्टुलावर बसलो.
तिसऱ्या फळीवर, हाताच्या अंतरावर, डबा होता:
लोकरीचं मेण.
तेलात तेलाचं, आणि तरी
आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पोटात घेणारं.
विरघळवत नाही ते, नुसतं सांभाळतं, थेंब थेंब वेगळा ठेवून.
इलारिए धनगर होता. रेणू हा शब्द
त्याच्या कानावरून गेला नसेल.

खल काढला. मी रस सोडत गेलो, ती घोटत गेली.
आधी फुटलं.
पुन्हा फुटलं.
मग फुटायचं थांबलं.

हाच का तो रंग, मी विचारलं नाही.
तिनं बोट कोटाच्या बाहीला पुसलं,
घडी घातली,
आणि बाजाराकडे न वळता
वर, गावच्या बसकडे गेली.